फुरसुंगीचा फेणे आणि नंदाखालचा वाचक

किशोरवयीन वाचकांसाठी मराठीत झालेल्या कथालेखनाचा विचार करताना मला प्रथम आठवते ते एका गावाचे नाव. गाव पुण्याजवळचे, फुरसुंगी. भा. रा. भागवतांनी आपल्या बनेश फेणेला या गावचा केले आणि ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ असे एका पुस्तकाचे शीर्षकच ठेवले. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या नंदाखालचा. पुस्तकातल्या शूर मुलाने मुंबई-पुण्याच्या एखाद्या पेठेतच राहायला हवे असे नाही, हे आमच्यासारख्या गावच्या मुलाला त्या एका शब्दाने कळत असे. त्या शब्दामागे केवढी वाङ्मयीन निवड होती, ते या लेखात पाहायचे आहे.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूरला झाला. ते लिहू लागले तेव्हा मराठीत मुलांसाठीचे वाङ्मय अगदीच तुटपुंजे नव्हते. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू केले होते. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये आली. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ने मध्यमवर्गीय घरात एका अनाथ मुलाला मानाची जागा मिळवून दिली. मात्र श्याम आणि गोट्या या दोघांचेही जग मुख्यतः घराभोवती फिरते. त्यांच्या गोष्टींत मूल घडत असते आणि घडवणारी मोठी माणसे जवळच असतात. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला घराबाहेर जे काही करून पाहायचे असते, त्याला या पुस्तकांत फारशी वाट नव्हती.

ती वाट भागवतांना सापडली ती भाषांतराच्या कामातून, असे माझे मत आहे. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नुसती शीर्षके पाहिली तरी त्यांची पद्धत ध्यानात येते. धूमकेतूला ‘शेंडेनक्षत्र’ म्हणायचे आणि त्याच्यामागे ‘मुक्काम’ हा टपालाच्या पत्त्यातला शब्द जोडायचा! परके विश्व असे एका शब्दात घरगुती होऊन जाते. व्हर्नच्या साहसाला नकाशाचा आधार असतो. अंतर, दिशा, वेग आणि वेळ यांचा हिशेब ठेवूनच त्याचे नायक संकटात उडी घेतात. भागवतांनी तेवढी गोष्ट उचलली आणि नकाशा मात्र आपला घेतला. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’ अशी वीस पुस्तके झाली. चंद्रावर जाणाऱ्या तोफगोळ्याच्या जागी सायकल आली. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते, त्या काळाची ती खूण आहे.

बनेश विद्याभवनात शिकतो. तो अंगाने काटकुळा आहे. त्याची सगळी मिळकत म्हणजे पायातला वेग, चौकस नजर आणि विचार करताना तोंडातून निघणारा ‘ट्टॉक’. मोठी माणसे पोहोचण्याआधी तो घटनास्थळी पोहोचतो. या कथांना उपदेशाचा सूर नाही. धाडस हाच इथला संस्कार आहे आणि तोही अंगावर न लादलेला.

हा मार्ग सुखाचा नव्हता. भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक काढले. मुलांच्या मासिकाचे अर्थकारण तेव्हाही अवघड होते, कारण वाचणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. पाठ्यपुस्तक मंडळाचे, म्हणजे ‘बालभारती’चे ‘किशोर’ १९७१ मध्ये निघाले, त्याच्या वीस वर्षे आधी भागवत स्वतःच्या बळावर हा उद्योग करत होते. पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यकार असल्याने दोघांचा संसार एका अर्थी याच वाचकाभोवती उभा राहिला. १९८७ मध्ये सुमीत राघवनने दूरदर्शनवर फास्टर फेणे साकारला. २७ ऑक्टोबर २००१ रोजी भागवत गेले.

आता पुन्हा गावाकडे वळतो. आमच्या घरांत सामवेदी बोलतात, तिला कादोडी असेही म्हणतात. पुस्तकी मराठी आम्हाला भेटते ती शाळेत. त्यामुळे नंदाखालच्या मुलासाठी मराठी गोष्टीचे पुस्तक वाचणे हीदेखील एक छोटी सफरच असते. त्या सफरीत भागवतांचे छोटे, पळते वाक्य हात धरते. याच नंदाखालमध्ये जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हणजे प्रमाण मराठीचे अंतर आमच्या गावाने कापले आहे. पण केळीच्या वाड्या, बावखले, अर्नाळ्याचा जलदुर्ग, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला वसईचा किल्ला यांतून धावणारा सामवेदी मुलगा किशोरकथेचा नायक म्हणून मराठी वाचकाच्या ओळखीचा झालेला नाही.

हे आज लिहिण्याचे कारण आहे. ज्या फुरसुंगीचे नाव भागवतांनी घरोघरी नेले, त्याच्या शिवेवर अनेक वर्षे पुण्याचा कचरा येऊन पडला आणि गावकऱ्यांना त्यासाठी आंदोलने करावी लागली. ऑक्टोबर २०१७ मध्ये फास्टर फेणेवरचा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच महिन्यात फुरसुंगी पुणे महापालिकेत विलीन झाली. पुढे उरुळी देवाचीसह ती पुन्हा बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. इकडे २००९ मध्ये वसई-विरार महापालिका स्थापन झाली, तेव्हा गावांनी कडवा विरोध केला आणि २९ गावे वगळण्याचा वाद न्यायालयात गेला. शहराला लागून असलेल्या गावाचे नाव कागदावर किती सहज हलते, ते दोन्हीकडे दिसले.

भागवतांनी गावाच्या हक्कांसाठी लिहिले, असा दावा मी करणार नाही. त्यांना वेगवान गोष्ट सांगायची होती. परंतु नायकाला खरा पत्ता दिला की त्या पत्त्याचा एक दस्तऐवज आपोआप तयार होतो. महापालिकेची हद्द बदलली तरी बनेश फेणे फुरसुंगीचाच राहतो. सरकारी ठरावाने त्यात फेरफार करता येत नाही. आमच्या वाड्या आता इमारतींनी वेढल्या जात आहेत. त्या पुऱ्या झाकल्या जाण्याआधी इथल्या एखाद्या लिहित्या हाताने एका मुलाला नायक करावे, सायकलवर बसवावे आणि त्याच्या नावामागे ‘नंदाखालचा’ हा शब्द लावून टाकावा.