न जळणारा धागा आणि पाणबुडींतील खलाशी

आरमाराचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार तोफा, टॉर्पेडो आणि सेनापति यांच्या वर्णनांत बहुधा रंगून जातात. जहाजाच्या नळांभोंवतीं काय गुंडाळलें होतें, हें सांगण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. तें वेष्टण ॲस्बेस्टॉसचें होतें. हा खनिज धागा जळत नाहीं, उष्णता अडवितो आणि कापसाप्रमाणें कांततां-विणतां येतो. आगीला सर्वांत अधिक भिणाऱ्या दर्यावर्दी लोकांस तो वरदानासारखा वाटला, यांत नवल नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन आरमारानें तो सर्रास वापरला.

त्याचा दोष तेव्हां अज्ञात होता, असें मात्र म्हणवत नाहीं. इंग्लंडांत रॉचडेल येथें ॲस्बेस्टॉसचें सूत कांतणारी नेली कर्शॉ १९२४ सालीं वारली, आणि तिच्या फुप्फुसांत सांपडलेल्या तंतूंविषयीं डॉ. कूक यांनीं त्याच वर्षीं लिहिलें. १९३० च्या मेरीवेदर आणि प्राइस यांच्या अहवालानंतर तेथें १९३१ मध्यें धुळीविरुद्ध नियमहि झाले.

अमेरिकेंत काय घडलें? लढाऊ जहाजांच्या नळांवर वेष्टण चढविणाऱ्या गोदी-कामगारांची पाहणी तेथें १९४६ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाली. १,०७४ कामगारांत ॲस्बेस्टोसिस अवघ्या तिघांना आढळला. तेव्हां हा धंदा फारसा धोक्याचा नाहीं, असा निष्कर्ष काढण्यांत आला. पण यांपैकीं ९५ टक्के कामगारांचीं या धंद्यांत दहा वर्षेंहि भरलीं नव्हतीं, हेंहि त्याच अहवालांत नमूद आहे. पेरणीच्या दुसऱ्या दिवशीं शेतांत जावें आणि पीक नाहीं म्हणून परत यावें, तसाच हा प्रकार! फुप्फुसाच्या आवरणास होणारा मेसोथेलिओमा नांवाचा कर्करोग तर वीस ते पन्नास वर्षांनीं डोकें वर काढतो. अहवालांतील आंकडे खोटे नव्हते. म्हणूनच त्यांवर विसंबणें सोपें गेलें, असें आम्हांस वाटतें.

पाणबुडीची गोष्ट आणखी निराळी. महायुद्धांतील अमेरिकन पाणबुडी सुमारें ३१२ फूट लांब. तींत साठ ते ऐशीं माणसें. टॉर्पेडोंच्या खोलींतच खलाशांचे बिछाने असत. पुढें १९५४ मध्यें अणुशक्तीवर चालणारी ‘नॉटिलस’ आरमारांत दाखल झाली. अणुभट्टीच्या उष्णतेनें वाफ करावयाची आणि तिनें चक्रें फिरवावयाचीं, ही तिची रचना. अर्थात् वाफेचे नळ आले, त्यांबरोबर वेष्टणहि आलें. १९६० सालीं ‘ट्रायटन’नें दोन महिने पाण्याखालीं राहून पृथ्वीप्रदक्षिणा केली. इतके दिवस आंतली हवा शुद्ध करून तीच पुनः पुनः फिरवावयाची. सांधा गळूं लागला कीं वेष्टण फोडणें प्राप्तच. तें फोडणारा यंत्रकारागीर आणि पलीकडे पोळ्या भाजणारा आचारी यांच्या श्वासांत फरक किती राहणार?

कायदा मात्र हा फरक पाहतो. सैनिकी सेवेंत झालेल्या इजेबद्दल सैनिकास सरकारवर दावा लावतां येत नाहीं, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५० मध्यें दिला. माल पुरविणाऱ्या कारखानदारांवर फिर्याद करावी, तर त्यांतील सर्वांत मोठ्या जॉन्स-मॅनव्हिल कंपनीनें १९८२ मध्यें दिवाळखोरीचा आश्रय घेतला. उरलें तें माजी सैनिकांच्या खात्याचें अपंगत्वाचें वेतन. त्यासाठीं तीन गोष्टी लागतात: रोगाचें निदान, नोकरींत ॲस्बेस्टॉसशीं संबंध आल्याचा पुरावा, आणि या दोहोंना जोडणारें डॉक्टरांचें मत. जोरानें सोडलेल्या श्वासाचें माप अपेक्षेच्या ७५ ते ८० टक्के भरलें, तर ॲस्बेस्टोसिसचें अपंगत्व १० टक्के. ५० च्या खालीं गेलें, तर १०० टक्के. मोजमाप चोख आहे. अडचण दुसऱ्या गोष्टीची. कोणत्या हुद्द्याच्या खलाशास संसर्गाचा संभव किती, याची यादी खात्यापाशीं आहे. यंत्रें आणि बॉयलर सांभाळणारे तींत वरच्या पायरीवर, कारकून खालच्या. ही यादी केवळ मार्गदर्शक आहे आणि शंकेचा फायदा अर्जदारास द्यावा असेंहि कायदा सांगतो. तरी जहाजावर नोकरी केली एवढ्यावरून संसर्ग गृहीत धरतां येत नाहीं, असें माजी सैनिकांच्या अपिलांच्या न्यायालयानें १९९९ मध्यें ठरविलें. ऐशीं वर्षांच्या म्हाताऱ्यानें विशीतील नळ आठवावेत, सोबती शोधावेत. आणि सोबती तर बहुधा आधींच गेलेले.

व्हिएतनाममध्यें फवारलेल्या विषारी औषधाबद्दल १९९१ च्या कायद्यानें हा भार उतरविला: जो तेथें लढला, त्यास तें लागलें असें धरून चालावें. हेंच पाणबुडीस लावण्यास हरकत कोणती, हें आम्हांस उमगत नाहीं. व्हिएतनाममधील आरमाराचे सेनापति आणि पुढें १९७० ते १९७४ पर्यंत साऱ्या अमेरिकन आरमाराचे प्रमुख असलेले ॲडमिरल झुमवॉल्ट २००० च्या जानेवारींत वारले, ते मेसोथेलिओमानेंच.

इंग्लंडांतहि वाट याच वळणानें गेली. सैनिकानें सरकारवर दावा करण्यास १९४७ च्या कायद्याची आडकाठी होती. ती १९८७ मध्यें निघाली, पण पुढील काळापुरतीच. जुन्या खलाशास युद्धपेन्शनचे हप्ते मिळत. परंतु मेसोथेलिओमाचा रोगी निदानानंतर बहुधा वर्षा-दोन वर्षांत जातो, तेव्हां हप्ते किती हातीं पडणार? एकरकमी १,४०,००० पौंड घेण्याची मुभा त्यास ११ एप्रिल २०१६ पासून मिळाली. मुलकी कामगारांसाठीं मेसोथेलिओमाचा कायदा २०१४ मध्येंच झाला होता.