वैकल्पिक अवलंबनाच्या पायऱ्या : डेबियन प्रणालीतील तीन शब्दांचा इतिहास

मुक्तस्रोत कार्यप्रणालींचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा तंत्राकडे, आणि फार तर परवान्यांच्या वादांकडे जाते. ह्या प्रणाली ज्या शब्दांवर उभ्या आहेत त्या शब्दांनाही इतिहास आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखात डेबियन ह्या प्रणालीतील 'डिपेंड्स', 'रेकमेंड्स' व 'सजेस्ट्स' ह्या तीन शब्दांचा मागोवा घ्यावयाचा आहे. एखाद्या ग्रंथातील विकल्पदर्शक शब्दांची श्रेणी तो ग्रंथ वाचणाऱ्याच्या हाती कशी नाहीशी होऊ शकते, आणि पुन्हा कशी जिवंत होऊ शकते, याचे ते एक स्वच्छ उदाहरण आहे.

डेबियनची स्थापना इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. ही प्रणाली म्हणजे एकसंध वस्तू नव्हे. निरनिराळ्या लोकांनी रचलेल्या हजारो पॅकेजांचा तो संग्रह आहे. प्रत्येक पॅकेजाबरोबर त्याच्या परिपालकाने लिहिलेली एक छोटी नियंत्रणपत्रिका असते, व हे पॅकेज चालण्यास दुसरी कोणती पॅकेजे लागतात हे तीत नोंदविलेले असते. परंतु 'लागणे' हा शब्द व्यवहारात किती सैल आहे हे सांगावयास नकोच. स्वयंपाकास विस्तव लागतो, मीठ लागते, आणि कोथिंबीरही 'लागते'. ह्या तीन लागण्यांतील अंतर यंत्राला कळेल अशा रीतीने कसे लिहावयाचे, हा डेबियनच्या कर्त्यांपुढील प्रश्न होता.

'गिट' ह्या प्रसिद्ध पॅकेजाचे उदाहरण घेऊ. पर्ल ही भाषा त्याच्या 'डिपेंड्स' ह्या सदरात येते. तीवाचून ते बसविताच येत नाही. लांबलचक मजकूर पानापानाने दाखविणारा 'लेस' हा कार्यक्रम 'रेकमेंड्स'मध्ये आहे; तो नसला तरी गिट चालेल, पण गैरसोय होईल. चित्ररूपाने इतिहास दाखविणारे 'गिटके' आणि दस्तऐवजांचे पॅकेज 'सजेस्ट्स'मध्ये आहेत. ज्याला हवे त्याने ते घ्यावे. डेबियनच्या धोरणग्रंथातील व्याख्येचा आशय असा, की असाधारण परिस्थिती वगळता जी पॅकेजे एकत्रच आढळतील, त्यांच्यासाठी 'रेकमेंड्स' योजावे. एकाच्या जोडीने दुसरे अधिक उपयोगी पडत असेल, तर 'सजेस्ट्स'. 'असाधारण' म्हणजे काय, हे मात्र परिपालकाच्या विवेकावर सोपविलेले आहे. पुढील बहुतेक वाद तेथूनच उद्भवलेले दिसतात.

ह्या शब्दांचे प्रारंभीचे रूप निराळे होते. पॅकेजे बसविणाऱ्या डीपीकेजी ह्या मूळ साधनाच्या संहितेत जुन्या सदरनामांची एक छोटी सूची आजवर जपलेली आहे. तीवरून असे दिसते की 'रेकमेंड्स'चे पूर्वनाम 'रेकमेंडेड' आणि 'सजेस्ट्स'चे 'ऑप्शनल' असे होते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा पालट लहान नाही. 'ऑप्शनल' हे विशेषण आहे. ते दुसऱ्या पॅकेजाला एक स्थिर गुण चिकटवते. 'सजेस्ट्स' हे क्रियापद आहे, आणि क्रियापद आले की कर्ता आलाच. वैकल्पिकता ही वस्तूच्या अंगची राहिली नाही. ती एका पॅकेजाने दुसऱ्याविषयी केलेली उक्ती झाली. आणि उक्ती झाली म्हणजे ती ऐकणारा कोण व तो ती कितपत मानतो, हा प्रश्न अटळ ठरतो.

हा प्रश्न लवकरच पुढे आला. डीपीकेजी स्वतः केवळ 'डिपेंड्स'ची सक्ती करते. शिफारशीची दखल घेणे हे तिच्यावरील थरातील साधनांचे काम. त्यांतील जुने साधन 'डीसिलेक्ट' हे शिफारस केलेली पॅकेजे आपण होऊन निवडून वापरणाऱ्यापुढे ठेवीत असे. नको असतील तर ती प्रयत्नपूर्वक वगळावी लागत. मार्च १९९९ मधील 'स्लिंक' ह्या आवृत्तीबरोबर 'ॲप्ट-गेट' हे साधन आले, आणि त्याच्या सुटसुटीतपणामुळे ते झपाट्याने सर्वांच्या हाती गेले. ह्या साधनाने 'रेकमेंड्स' व 'सजेस्ट्स' ह्या दोहोंची केवळ यादी दाखवावी आणि दोन्ही सोडून द्यावीत, असा क्रम होता. ग्रंथात तीन पायऱ्या, वाचनात दोनच. 'जवळजवळ नेहमी हवे' आणि 'वाटल्यास घ्यावे' यांतील भेद पत्रिकेत लिहिलेला होता, परंतु व्यवहारात तो मावळला.

येथे पाणिनीची आठवण होणे अपरिहार्य आहे. अष्टाध्यायीत विकल्प सांगण्यासाठी 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' असे तीन शब्द येतात. टीकाकारांची परंपरा त्यांना समानार्थी मानीत आली. पॉल किपार्स्की यांनी १९७९ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राच्या ग्रंथमालेत एमआयटी प्रेसच्या सहयोगाने निघालेल्या पुस्तकात, निराळे प्रतिपादन केले : 'वा' म्हणजे हा विकल्प श्रेयस्कर, 'विभाषा' म्हणजे शक्यतो नको, आणि 'अन्यतरस्याम्' म्हणजे दोन्ही सारखे. हे मत सर्वमान्य झालेले नाही, आणि त्याची चर्चा करण्याचे हे स्थळही नव्हे. साम्य एवढेच की किपार्स्कींचे म्हणणे खरे मानल्यास अष्टाध्यायीच्या बाबतीतही श्रेणी ग्रंथात टिकली आणि वाचनात हरवली. पाणिनीला विचारावयाची सोय नव्हती. डेबियनचे सूत्रकार मात्र हयात होते व परस्परांशी भांडू शकत होते.

दरम्यान 'ॲप्टिट्यूड' नावाचे दुसरे साधन शिफारशी मानून चालत असे. त्यामुळे एकाच पत्रिकेचे दोन वाचक व दोन निष्पत्ती अशी अवस्था झाली. कोणाच्या संगणकावर एखादी सोय आहे व कोणाच्या नाही, याचा उलगडा पत्रिकेतून होईना. ती कोणी वाचली हे विचारावे लागे. अखेर २००७ मध्ये विकासशाखेत, आणि फेब्रुवारी २००९ च्या 'लेनी' आवृत्तीत सर्वांसाठी, ॲप्टने शिफारस केलेली पॅकेजे आपण होऊन बसविण्यास आरंभ केला. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूने हाच पालट ऑक्टोबर २००८ च्या ८.१० ह्या आवृत्तीत स्वीकारला होता. पत्रिकेतील एक अक्षरही न बदलता तीतील शब्दांचे बळ बदलले. ज्या शिफारशी आजवर निरुपद्रवी होत्या, त्या आता जागा व्यापू लागल्या. साहजिकच अघळपघळ लिहिलेल्या शिफारशी 'सजेस्ट्स'मध्ये उतरवाव्या लागल्या.

श्रेणीच्या ह्या सीमारेषेवर केवळ सोय नव्हे, तर तत्त्वही उभे आहे. डेबियनच्या मुख्य विभागातील पॅकेजाने त्या विभागाबाहेरील, म्हणजे अमुक्त असू शकणाऱ्या, पॅकेजावर अवलंबू नये आणि त्याची शिफारसही करू नये, असा धोरणग्रंथाचा दंडक आहे. सूचना करण्यास मात्र बंदी नाही. स्वातंत्र्याची हद्द 'डिपेंड्स'पाशी न आखता 'रेकमेंड्स' आणि 'सजेस्ट्स' यांच्या मधोमध आखणे, ह्यात माझ्या मते त्या शब्दांची उत्तम जाण आहे. शिफारस म्हणजे सौम्य आज्ञाच होय, हे त्यांनी ओळखले होते.

एका शब्दासाठी मतदानही झाले. ग्नोम ह्या मेजपटलाच्या 'ग्नोम-कोअर' ह्या एकत्रीकरण-पॅकेजाने 'नेटवर्क-मॅनेजर' ह्या जाळेजोडणीच्या साधनाला 'डिपेंड्स'मध्ये घातले होते. ज्यांनी आधीच्या आवृत्तीत ते साधन जाणूनबुजून वगळले होते, त्यांच्या संगणकांवर नव्या आवृत्तीबरोबर ते सक्तीने आले असते आणि चालू असलेली जोडणी बिघडण्याचा धोका होता. परिपालकांचे म्हणणे असे की ग्नोमचा परिपूर्ण अनुभव त्यावाचून होत नाही. २०१२ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने परिपालकांच्या विरुद्ध निर्णय देऊन तेथे 'रेकमेंड्स' लिहावयास सांगितले. परिपालकांनी ती सक्ती 'ग्नोम' ह्या दुसऱ्या पॅकेजात हलविली, तेव्हा समितीला त्याच वर्षी पुन्हा लक्ष घालावे लागले. वाद तंत्राचा नव्हताच. 'पूर्ण' कशाला म्हणावे आणि ते कोणी ठरवावे, हा तो वाद होता.

रेड हॅटकडून आलेल्या आरपीएम परंपरेत प्रदीर्घ काळ 'रिक्वायर्स' ही एकच पायरी होती. सुसे ह्या वितरणाने त्यात आपली भर घातली होती. मूळ आरपीएममध्ये वैकल्पिक अवलंबन २०१४ च्या ४.१२ ह्या आवृत्तीत आले. तेथे चार शब्द आहेत. 'रेकमेंड्स' व 'सजेस्ट्स' पुढे पाहतात. 'सप्लिमेंट्स' व 'एन्हान्सेस' उलट दिशेने, म्हणजे पूरक पॅकेजच सांगते की मी अमक्यास उपयोगी आहे. डेबियनने ह्या उलट दिशेचा एकच शब्द, 'एन्हान्सेस', ठेवलेला आहे.

२०१३ मध्ये डॉकर आल्यापासून पारडे पुन्हा हलले. ह्या पद्धतीत प्रत्येक कामासाठी लहानशी बंदिस्त प्रतिमा रचतात व तिचे आकारमान कमी ठेवण्याचा आग्रह असतो. म्हणून शिफारशी न बसविण्याचा पर्याय देण्याची चाल रूढ झाली. सेवायंत्रावर ते ठीकच आहे. परंतु ही सवय घरच्या संगणकावर नेल्यास काय होते, ते मराठी वाचकास सहज पडताळून पाहता येईल. डेबियनमध्ये 'टास्क-मराठी-डेस्कटॉप' नावाचे एकत्रीकरण-पॅकेज आहे. अशा भाषाविषयक पॅकेजांची रचना अशी असते, की भाषेची प्रत्यक्ष सामग्री 'रेकमेंड्स'मध्ये राहते, म्हणजे एखादी वस्तू नको असल्यास सारे पॅकेज काढून टाकावे लागू नये. शिफारशी बंद ठेवून ते बसविले, तर यंत्र कोणतीही त्रुटी न दाखविता काम पूर्ण झाल्याचे कळवते, आणि त्याबरोबर यावयाची मराठीची सामग्री येत नाही.