एका फार्दिंगचा निवाडा

जुलै १८७७ मध्ये ‘फोर्स क्लाव्हिजेरा’ या ब्रिटिश कामगारांना उद्देशून लिहिलेल्या पत्रमालेत जॉन रस्किनने व्हिस्लरच्या एका रात्रचित्राची कठोर निर्भर्त्सना केली. २०० गिनी ही त्याची किंमत त्याला निव्वळ उद्दामपणाची वाटली. व्हिस्लरने अब्रुनुकसानीचा दावा लावला.

नोव्हेंबर १८७८ मधील सुनावणीत टीकेच्या अधिकारापेक्षा चित्राच्या ‘पूर्णते’चीच चर्चा अधिक झाली. दोन दिवसांच्या कामाचे एवढे मोल कसे, या प्रश्नावर व्हिस्लरने आयुष्यभराच्या ज्ञानाचे मोल मागतो, असे उत्तर दिले. रस्किनच्या बाजूने बर्न-जोन्सने चित्र अपुरे असल्याची साक्ष दिली. (रस्किन स्वतः आजारपणामुळे गैरहजर होता.) विसंगती नेमकी येथे आहे. निर्दोष सफाईचा आग्रह कारागिराला गुलाम करतो, हे प्रतिपादन ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’मध्ये (१८५३) रस्किनचेच होते. गॉथिक पाथरवटाला दिलेली मुभा चित्रकाराला मात्र नाकारली गेली. एकाचे वैगुण्य प्रामाणिक श्रमांचे, दुसऱ्याचे हयगयीचे, असा भेद रस्किनला अभिप्रेत असावा; परंतु तो कलाकृतीवरून सिद्ध कसा करायचा?

ज्यूरीने कौल व्हिस्लरला दिला, भरपाई मात्र एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. खर्च ज्याचा त्याने सोसायचा होता. १८७९ मध्ये व्हिस्लरचे दिवाळे निघाले. कायद्याचा भुर्दंड सोसून मत मांडावे लागत असेल तर अध्यासन नको, या भूमिकेतून रस्किनने ऑक्सफर्डमधील प्राध्यापकपद सोडले.