कॅमेरा क्लबच्या स्पर्धेची कुळकथा

कॅमेरा क्लबच्या स्पर्धेची रीत जगभर साधारण सारखीच असते. सभासद ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या मापाची छायाचित्रे देतात. परीक्षकाला चित्राचे शीर्षक कळते, काढणाऱ्याचे नाव कळत नाही. तो सर्वांदेखत चित्रावर बोलतो, गुण देतो आणि वर्षअखेर गुणांच्या बेरजेवरून ढाली व पदके वाटली जातात. ही रीत कुणी एकाने एका बैठकीत लिहून काढलेली नाही. प्रवेशपत्रिकेतले जवळजवळ प्रत्येक कलम एखाद्या जुन्या भांडणातून तरी आले आहे, नाहीतर एखाद्या नव्या यंत्रामुळे.

छायाचित्रण १८३९ मध्ये जाहीर झाले, पण हौशी मंडळींच्या संस्था निघायला एक तप उलटावे लागले. इंग्लंडमध्ये याचे मोठे कारण पेटंट हे होते. कागदी निगेटिव्हची कॅलोटाइप पद्धत विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८४१ मध्ये पेटंटखाली ठेवली होती. १८५२ मध्ये त्यांनी व्यावसायिक व्यक्तिचित्रणाचा अपवाद ठेवून ते हक्क सोडले आणि पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ लंडन उभी राहिली. चित्रकार सर चार्ल्स ईस्टलेक तिचे पहिले अध्यक्ष आणि रॉजर फेंटन मानद सचिव. लीड्सची संस्था तर १८५२ चीच. या सभांमध्ये स्पर्धा नव्हती. रसायनांवर निबंध वाचायचे, नव्या भिंगांची चर्चा करायची आणि वर्षातून एकदा चित्रे भिंतीवर लावायची, असा त्यांचा कार्यक्रम असे. १८५५ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या फोटोग्राफिक एक्स्चेंज क्लबात सभासद आपापल्या प्रती एकमेकांना देत. तिथेही क्रमांक कुणाचा लागत नव्हता.

या लाटेत मुंबई मुळीच मागे नव्हती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये, म्हणजे लंडननंतर वर्षभरात, स्थापन झाली. मद्रास आणि बंगालच्या संस्था १८५६ च्या. मुंबईच्या संस्थेने लगेच स्वतःचे नियतकालिक काढले. तिच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांचा ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ १८५६ पासून निघू लागला. युरोपीय अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सभासदही तिथे होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे पहिल्या पिढीतले भारतीय व्यावसायिक छायाचित्रकार घडले. बंगालमध्ये मात्र संस्थेच्या कारभारात राजकारण शिरले. निळीच्या मळेवाल्यांवर जाहीर टीका केल्याबद्दल राजेंद्रलाल मित्र यांना १८५७ मध्ये सभासदत्वावरून काढण्यात आले. क्लबातले तंटे फक्त चित्रांवरून होतात, असा समज कुणी करून घेऊ नये.

प्रदर्शनांना पदके चिकटली ती त्या काळच्या औद्योगिक प्रदर्शनांच्या वळणाने. शेतीची अवजारे, कापड, घड्याळे यांना जशी परीक्षक मंडळे पदके देत, तशी ती छायाचित्रांनाही मिळू लागली. पण छायाचित्राची पारख कशावरून करायची, यावर एकमत कधीच झाले नाही. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे मोठे चित्र तयार केले आणि मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडले. राणी व्हिक्टोरियाने त्याची एक प्रत घेतली. एडिंबरामध्ये मात्र त्यातल्या नग्न आकृतींची बाजू झाकून ठेवण्यात आली. जोडकाम हे छायाचित्र मानायचे की नाही, हा वाद तेव्हापासूनचा आहे. संगणक येण्याच्या सव्वाशे वर्षे आधीचा. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या धूसर व्यक्तिचित्रांना लंडनच्या संस्थेच्या नियतकालिकाने फोकस नसल्याबद्दल धारेवर धरले. त्याच चित्रांना बर्लिनमध्ये १८६५ साली कांस्य आणि १८६६ साली सुवर्णपदक मिळाले. परीक्षक बदलला की निकाल बदलतो, ही प्रत्येक क्लबात आजही ऐकू येणारी तक्रार इतकी जुनी आहे.

खरा बदल १८८० च्या दशकात झाला. तोवर ओल्या कलोडियनच्या काचेवर काम चाले. काच लेपून ओली असतानाच उजेड द्यायचा आणि लगेच धुवायची, म्हणजे अंधारखोली तंबूच्या रूपाने बरोबर वागवावी लागे. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचवलेली जिलेटिनची कोरडी काच दशक संपता संपता बाजारात तयार मिळू लागली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांचा कोडॅक आला : किंमत २५ डॉलर, आत १०० चित्रांची फिल्म, आणि धुलाई-छपाई कारखान्यात. छंदाचा दरवाजा कारकून, डॉक्टर, व्यापारी या सगळ्यांना उघडला आणि गावोगाव क्लब निघाले. बॉस्टनचा १८८१ मध्ये, लंडनचा ‘कॅमेरा क्लब’ १८८५ मध्ये, न्यूयॉर्कचा १८८८ मध्ये. रसायनांवरच्या निबंधात या नव्या सभासदांना फारसा रस नव्हता. आपले चित्र दुसऱ्याच्या तुलनेत कसे आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. स्पर्धा हे त्याचे सोपे उत्तर होते. शिवाय वर्षातून एकदाच प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेला दर महिन्याला सभासद जमवायचे, तर त्यांना काहीतरी निमित्त लागतेच.

नियतकालिकांनी ही भूक अचूक ओळखली. लंडनच्या ‘अमॅच्युअर फोटोग्राफर’ या साप्ताहिकाने सुटीतल्या चित्रांची स्पर्धा घेतली. १८८७ मध्ये तिचे पहिले बक्षीस, रौप्यपदक आणि दोन गिनी, बर्लिनमध्ये शिकणाऱ्या एका अमेरिकन तरुणाला मिळाले. चित्र होते इटलीतल्या मुलांच्या हास्याचे, ‘अ गुड जोक’. परीक्षक पीटर हेन्री एमर्सन होते आणि तरुणाचे नाव आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. पुढे याच स्टिग्लिट्झ यांनी न्यूयॉर्कच्या क्लबाचे ‘कॅमेरा नोट्स’ हे नियतकालिक नावारूपाला आणले, क्लबाशी भांडून १९०२ मध्ये फोटो-सेसेशन हा वेगळा गट काढला आणि छायाचित्रणाला कलादालनाचा रस्ता दाखवला. हौशी स्पर्धांना नाके मुरडणाऱ्यांनी स्टिग्लिट्झ यांची सुरुवात कुठून झाली, तेवढे विसरू नये.

पदकांविरुद्धचे पहिले बंड १८९० च्या दशकाच्या आरंभी झाले. व्हिएन्नाच्या हौशी छायाचित्रकारांच्या क्लबाने १८९१ मध्ये प्रदर्शन भरवले, तेव्हा निवड चित्रकार आणि शिल्पकारांच्या मंडळाकडे सोपवली. आलेल्या सुमारे ४,००० चित्रांपैकी जेमतेम ६०० भिंतीवर चढली. लंडनमध्ये त्याच वर्षीच्या प्रदर्शनावरून वाद होऊन हेन्री पीच रॉबिन्सन यांनी जुन्या संस्थेचा राजीनामा दिला आणि १८९२ मध्ये समविचारी मंडळींसह ‘लिंक्ड रिंग’ स्थापन केली. तिचे सलोन, म्हणजे निवडक चित्रांचे प्रदर्शन, १८९३ मध्ये डडली गॅलरीत भरले. तिथे पदके नव्हती, तंत्रानुसार वर्गवारीही नव्हती. चित्र लावले गेले हाच सन्मान. हेतू स्पर्धा मोडण्याचा होता. घडले ते उलटे. पदक गेले, पण निवड हेच पदक झाले, आणि निवडींची मोजदाद करता येते. आज जगभरचे छायाचित्रकार ‘किती ॲक्सेप्टन्स झाले’ असे एकमेकांना विचारतात, त्याचे मूळ या पदकविरोधी सलोनमध्ये आहे. मुंबईचे शापूर भेडवार यांनीही १८९० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधल्या अशा प्रदर्शनांत आपली प्रसंगचित्रे मांडून नाव मिळवले.

क्लबाच्या स्पर्धेचे आजचे रूप, म्हणजे अंधाऱ्या सभागृहात एकामागून एक चित्र आणि त्यावर मोठ्याने केलेले भाष्य, हे मात्र सलोनपेक्षा जादूच्या कंदिलाशी जास्त जुळते. काचेवरच्या पारदर्शिका पडद्यावर टाकण्याच्या संध्याकाळी हा त्या काळच्या क्लबांचा सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम होता. अमेरिकन क्लबांनी तर १८८५ पासून एकमेकांत पारदर्शिकांचे संच फिरवण्याची व्यवस्था केली. भिंतीवरचे चित्र प्रेक्षक आपापल्या गतीने पाहतो. पडद्यावरचे सगळ्यांना एकाच क्षणी दिसते, त्यामुळे त्यावर कुणीतरी बोलणे ओघानेच आले. पुढे छापील प्रतीसुद्धा याच पद्धतीने, दिव्याखालच्या स्टँडवर एकेक ठेवून तपासल्या जाऊ लागल्या. प्रतीच्या मागे नाव, पुढे काही नाही, आणि वाचून दाखवायचे ते फक्त शीर्षक. छोट्या गावात सगळे सगळ्यांना ओळखत असल्याने परीक्षक दुसऱ्या क्लबातून बोलावण्याची प्रथा पडली. नवखे आणि मुरलेले एकाच रांगेत उभे केले तर नवखे पुढच्या वर्षी येत नाहीत, हे लक्षात आल्यावर वर्ग पाडले गेले : प्रारंभिक, मध्यम, प्रगत. वरच्या वर्गात जायचे ते गुण साठवून.

धुलाई-छपाई स्वतःच्या हाताने केलेली असावी, ही अट अनेक क्लबांनी कोडॅकच्या धास्तीने घातली. ती प्रतींपुरती दीर्घकाळ टिकली, रंगीत स्लाइडपुढे मात्र टिकणे शक्यच नव्हते. १९३६ मध्ये ३५ मिलिमीटरमध्ये मिळू लागलेल्या कोडॅक्रोमची धुलाई इतकी गुंतागुंतीची होती, की ती घरी करता येत नसे. तेव्हा स्लाइडचा वेगळा विभाग निघाला आणि त्याचे वेगळे नियम झाले. दोन इंच चौरस माउंट, आणि स्लाइड सुलट धरली असता डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका. प्रोजेक्टरमध्ये स्लाइड उलटी घालतात. तशी फिरवली की ठिपका चालकाच्या उजव्या अंगठ्याखाली येतो आणि अंधारातही चूक होत नाही. अशा बारीकसारीक कलमांमागे कुठल्या तरी फसलेल्या संध्याकाळी आहेत, हे सांगायला दस्तऐवज लागत नाही.

क्लब वाढले तशा त्यांच्या शिखर संस्था झाल्या. अमेरिकेत १९१९ ची क्लब-संघटना १९३४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका बनली, ब्रिटनमध्ये १९३० मध्ये महासंघ झाला आणि १९५० मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये बेल्जियमचे डॉ. मॉरिस व्हान दे वायर यांच्या पुढाकाराने ‘फियाप’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून होतीच. १९५३ मध्ये बंगळूरचे डॉ. जी. थॉमस यांच्या पुढाकाराने भारतीय क्लबांचा महासंघ निघाला आणि तो फियापशी जोडला गेला. इथून गुणांना आकड्यांची शिस्त आली. तीन परीक्षक, प्रत्येकाकडे बटण किंवा पाटी, आणि बेरजेवर निकाल. ब्रिटिश महासंघाच्या आंतरक्लब स्पर्धांत प्रत्येक परीक्षक दोन ते पाच गुण देतो, म्हणजे चित्राला जास्तीत जास्त पंधरा. या महासंघाच्या पहिल्या पायरीच्या मानांकनासाठी सहा परीक्षकांपुढे दहा चित्रे ठेवून ३०० पैकी २०० गुण मिळवावे लागतात. ही पद्धत एका परीक्षकाच्या लहरीला आवर घालते, यात शंका नाही. पण कुणाला खूप आवडणारे आणि कुणाला मुळीच न आवडणारे चित्र तीत मागे पडते आणि सगळ्यांना बरे वाटणारे पुढे जाते. सलोनमधली चित्रे एकसारखी दिसतात या आरोपात तथ्य आहे ते एवढ्यासाठी.

या एकसुरीपणावर प्रहारही वेळोवेळी झाले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९३२ साली एडवर्ड वेस्टन, ॲन्सेल ॲडम्स आदींचा एफ/६४ गट धूसर, चित्रासारख्या छायाचित्रांविरुद्ध उभा राहिला. वेस्टन स्वतः तरुणपणी सलोनांतच गाजले होते. जपानमध्ये केन दोमोन यांनी १९५० पासून ‘कामेरा’ मासिकाच्या मासिक स्पर्धेचे परीक्षक म्हणून सजवलेल्या चित्रांना बाजूला सारून रस्त्यावरचे वास्तव मागितले, आणि शोमेई तोमात्सू यांच्यासारखे तरुण या स्पर्धांतून पुढे आले. साओ पाउलोमध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या फोटो-सिने क्लब बांदेइरान्तेने तर विषयवार अंतर्गत स्पर्धा आणि गुणतक्ता यांच्या चौकटीतच आधुनिक अमूर्त छायाचित्रण वाढवले. त्या हौशी सभासदांची चित्रे २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडली गेली. चौकट तीच असली तरी परीक्षक काय मागतो, यावर बरेच अवलंबून असते.

कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणे थांबवले आणि स्लाइड विभागाची जागा प्रक्षेपित डिजिटल प्रतिमांनी घेतली. दोन इंची माउंटच्या जागी पिक्सेलचे माप आले : ब्रिटनमध्ये आधी १४०० गुणिले १०५०, मग प्रोजेक्टर सुधारल्यावर १६०० गुणिले १२००. प्रतींचा माउंट मात्र १६ गुणिले २० इंच या जुन्या सवयीच्या जवळचाच, ४० गुणिले ५० सेंटिमीटर राहिला, कारण क्लबांचे खोके आणि स्टँड त्याच मापाचे होते. जोडकाम सोपे झाल्यावर रेलँडरचा वाद परत आला. त्यावर अमेरिकन सोसायटी, फियाप आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी २०१४ मध्ये निसर्ग-छायाचित्राची एकत्रित व्याख्या केली. कातरणे किंवा उजेड सावरणे चालेल; काही घालणे, हलवणे किंवा काढणे चालणार नाही.

सर्वांत नवे कलम कृत्रिम बुद्धिमत्तेचे आहे. बोरिस एल्डाग्सेन यांनी २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधला पुरस्कार, आपली प्रतिमा यंत्राने तयार केली आहे असे सांगून, नाकारला. त्यानंतर अनेक स्पर्धांच्या नियमावलीत चित्राचा प्रत्येक भाग स्पर्धकाने स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपलेला असावा, ही अट ठळक झाली आणि शंका आल्यास मूळ रॉ फाइल सादर करण्याची तरतूदही दिसू लागली.