जोन्स शिवणयंत्रे : नाव, स्थान आणि स्वामित्व

औद्योगिक इतिहासाची साधने म्हणून सामान्यतः हिशेबाच्या वह्या, पेटंटांच्या नोंदी आणि कारखान्यांची दप्तरे विचारात घेतली जातात. खुद्द वस्तूवर उमटविलेला मजकूर मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. इंग्लंडमधील जोन्स कंपनीची शिवणयंत्रे या दृष्टीने उद्बोधक आहेत. या यंत्रांच्या काळ्या लोखंडी अंगावर सोनेरी अक्षरांत कंपनीचे नाव असे आणि अनेक यंत्रांवर ती कोणत्या राजस्त्रीला पुरविली गेली, याचाही निर्देश असे. हा निर्देश जुन्या यंत्रांवर ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ असा, तर नंतरच्या यंत्रांवर ‘क्वीन अलेक्झांड्रा’ असा आढळतो. व्यक्ती एकच होय. १८६३ साली विवाहामुळे युवराज्ञी झालेली अलेक्झांड्रा १९०१ साली सातवा एडवर्ड गादीवर आल्यावर राणी झाली. अर्थात राणी म्हणून निर्देश असलेले यंत्र १९०१ पूर्वीचे असू शकत नाही. परंतु ते एडवर्डच्या मृत्यूपूर्वीचे, म्हणजे १९१० पूर्वीचेच असले पाहिजे, हे अनुमान मात्र सदोष ठरेल. सन्मानदर्शक मजकूर प्रसंग सरल्यावरही वापरात राहू शकतो. ताम्रपटांच्या अभ्यासकांना परिचित असलेला हा नियम येथेही लागू पडतो : लेखावरून पूर्वमर्यादा ठरते, उत्तरमर्यादा ठरतेच असे नाही.

जोन्स कंपनीचा उगम समजण्यासाठी प्रथम पेटंटाचा इतिहास पाहिला पाहिजे. टोकाशी छिद्र असलेली सुई आणि दुसरा दोरा वाहून नेणारा धोटा यांच्या साहाय्याने गाठ बसविणाऱ्या यंत्राचे पेटंट एलियस हाउ या अमेरिकनाने १८४६ साली घेतले. स्वदेशात गिऱ्हाईक न मिळाल्याने त्याचा भाऊ अमासा ते यंत्र घेऊन लंडनला गेला. तेथे कॉर्सेट बनविणाऱ्या विल्यम टॉमस या व्यावसायिकाने २५० पौंडांना ते यंत्र विकत घेतले, आणि इंग्लंडमधील पेटंटाचा हक्कही टॉमसकडे गेला. त्या काळी इंग्लिश पेटंटाची मुदत १४ वर्षांची असे. म्हणजे १८६० पर्यंत या तत्त्वावरील यंत्र इंग्लंडमध्ये निर्वेधपणे तयार करणे कोणालाही शक्य नव्हते.

याच १८६० साली विल्यम जोन्स आणि टॉमस चॅडविक यांनी अ‍ॅश्टन-अंडर-लाइन येथे भागीदारीत उत्पादन सुरू केले. त्यांची आरंभीची यंत्रे स्वतंत्र शोधावर आधारलेली नव्हती. हाउ आणि विल्सन यांच्या आराखड्यांवरून, रीतसर परवाना घेऊन ती तयार होत. हा परिसर मँचेस्टरजवळच्या कापडगिरण्यांचा होय. गिरण्यांमुळे लोहकामात मुरलेले कारागीर जेथे होते, तेथेच शिवणयंत्रांचा धंदा रुजावा, हे स्वाभाविक होते. ही भागीदारी १८६३ पर्यंत चालली. पुढे चॅडविक ओल्डहॅमच्या ब्रॅडबरी कंपनीत गेला. जोन्सने १८६९ साली गाइड ब्रिज येथे कारखाना उघडला. हंसाच्या मानेप्रमाणे वळलेल्या बाहूचे त्याचे हातयंत्र पुढे विशेष ओळखीचे झाले.

१८९३ च्या एका जाहिरातीत कंपनीने असा दावा केला, की केवळ प्रथम दर्जाची शिवणयंत्रे बनविणारा इंग्लंडमधील सर्वांत मोठा कारखाना आपलाच होय. या वाक्यातील प्रत्येक विशेषण हे एक कुंपण आहे. ‘केवळ’ या शब्दाने इतर मालही बनविणारे कारखाने तुलनेतून वगळले जातात. ‘प्रथम दर्जाची’ हा शब्द तर मोजमापाच्या पलीकडचा आहे. सर्वांत सूचक शब्द ‘इंग्लंडमधील’ हा होय. ‘ब्रिटनमधील’ असे लिहिणे शक्य नव्हते. कारण स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकजवळ किलबोवी येथे सिंगर या अमेरिकन कंपनीचा प्रचंड कारखाना १८८५ पासून उभा होता. १९११ च्या संपाच्या वेळी तेथे सुमारे ११,००० कामगार होते आणि १९१३ साली तेथून १३ लाखांहून अधिक यंत्रे बाहेर पडली. जाहिरातीने सिंगरचे नाव घेतले नाही, तरी तिच्या शब्दयोजनेतच सिंगरची छाया स्पष्ट दिसते.

येथे ‘ब्रिटिश उद्योग’ या संज्ञेतील संदिग्धता उघड होते. सिंगर यंत्रे ब्रिटिश मजुरांच्या हातून घडत, पण भांडवल अमेरिकन होते. जोन्समध्ये श्रम आणि स्वामित्व ही दोन्ही स्थानिक होती. पण यंत्रामागील मूळ कल्पना अमेरिकन होती. १९६८ साली जपानच्या ब्रदर कंपनीने जोन्स विकत घेतली. १९०८ साली नागोया येथे शिवणयंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या एका लहान दुकानातून या ब्रदरचा जन्म झाला होता. या व्यवहारानंतरही १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ‘जोन्स’ हे नाव यंत्रांवर उमटत राहिले. क्लाइडबँकचा कारखाना १९८० साली बंद पडला. सिंगर हे नाव मात्र इतरत्र टिकले.

तात्पर्य, नाव, उत्पादनाचे स्थान आणि स्वामित्व या तीन भिन्न गोष्टी होत. त्या काही काळ एकत्र नांदतात, म्हणून एकच भासतात. एका राष्ट्राच्या उद्योगाचा उदय वा ऱ्हास सांगताना यांपैकी नेमके कशाविषयी विधान केले जात आहे, हे स्पष्ट केले नाही, तर यंत्रांची संख्या, कामगारांची भाकरी आणि भागधारकांचा नफा यांची सरमिसळ होते. जोन्सच्या यंत्रावरील सोनेरी अक्षरे खोटी नव्हती. अक्षरे तीच राहिली आणि अर्थ बदलत गेला. तो बदल नोंदविणे हे इतिहासकाराचे काम आहे.