कंदिलाच्या उजेडातली आजी

कामठ्याच्या आमच्या घरी जुन्या कॅलेंडरमधलं एक चित्र चौकटीत लावलेलं होतं. बाईच्या एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. येणारा जो तो म्हणे, "रविवर्म्याचं आहे." मीही कितीतरी वर्षं तेच सांगत आलो.

ते खरं नव्हतं. राजा रविवर्मा १९०६ साली वारले. हे चित्र १९४५-४६ चं. काढणारे सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. दिवा घेऊन उभी होती ती त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते तैलरंगातलं वाटलं तरी जलरंगातलं आहे. जलरंगात कागदाचा पांढरेपणा राखूनच उजेड दाखवायचा असतो. एकदा गडद रंग पडला की मागे फिरणं कठीण.

तेवढी माझी छाती नव्हती. आजीचं चित्र मी तैलरंगात काढायला घेतलं, कारण त्यात चुकलेलं खरवडता येतं. या रंगातलं तेल जवसाचं. आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीत लाखोळी, जवस फेकतात, त्याच जवसाचं. हे सांगितलं तर आजी म्हणाली, "म्हंजे चटणीतलं तेल मायाच तोंडाले फासतोस काय रे बाबू?"

रात्री जेवणं झाली की ती कंदील घेऊन बसे. मी आधी सगळ्या कॅनव्हासवर तपकिरी रंगाचा पातळ थर दिला. मग उजेड दाखवायला तिच्या गालावर पांढरा लावला, तर चेहरा पिठानं माखल्यासारखा दिसू लागला. सगळं खरवडलं. पुन्हा बसल्यावर पांढरा फक्त ज्योतीपुरता ठेवला. ज्योतीजवळच्या गालाला पिवळा, पुढे नारिंगी, मग तांबूस, आणि कानामागे नुसता अंधार. एक थर वाळायला चार-आठ दिवस जात, तोवर हात लावायचा नाही.

आजी कंटाळायची. "दिवसा उजेडात काढ ना. अंधारात काहून बसवतोस मले?"

तिला काय सांगणार? दिवसभर ती बांधीत वाकलेली असायची. लहानपणी तिचा चेहरा मी नीट पाहिला तो रात्रीच, कंदिलाच्या उजेडात.

गावात सगळे तिला माहेरावरून आमगाववाली म्हणत. तिचं नाव घेणारं कोणी उरलं नव्हतं. आमच्या भिंतीवर हळदणकरांचं तरी कुठे उरलं होतं? कॅलेंडरच्या चौकटीखाली मी त्यांचं नाव लिहिलं. आजीच्या चित्रामागे आधी तिचं लिहिलं, मग माझं, आणि तिला वाचून दाखवलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अजून एक डाव वाच."