आगंतुक वस्तू (विज्ञानकथा)

आगंतुक वस्तू : विज्ञानकथेतील एक रूढ कल्पना. परग्रहावरच्या, क्वचित अन्य काळातल्या वा अन्य विश्वातल्या बुद्धिमान जीवांची वस्तू त्यांच्या गैरहजेरीत माणसाच्या हाती लागते आणि एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात राहते, असे तिचे सर्वसाधारण रूप आहे. वस्तू कशी चालते, हे कथेत पुरते उलगडत नाही. ती कोणाच्या ताब्यात असावी, या प्रश्नावरच कथा उभी राहते.

स्वरूप : या वस्तूची तीन लक्षणे सांगता येतील. ती घडवलेली असते, म्हणजे उल्का किंवा खनिज नसते. घडवणारे गेलेले किंवा फार दूर असतात. आणि प्रत्येक नवा धनी तिला आपापल्या गरजेप्रमाणे नाव देतो : व्यापारी तिला माल म्हणतो, शास्त्रज्ञ नमुना, शासन गुपित आणि भाविक प्रसाद.

पूर्वरूप : भारतीय वाङ्मयात या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी कथा स्यमंतक मण्याची आहे. ती विष्णुपुराणात आणि भागवताच्या दहाव्या स्कंधात येते; गणेशचतुर्थीच्या चंद्रदर्शनाच्या निमित्ताने ती मराठी घरांत सांगितली जाते. सूर्याने सत्राजिताला दिलेला हा मणी रोज आठ भार सोने देई. सत्राजिताचा भाऊ प्रसेन तो गळ्यात घालून शिकारीला गेला आणि सिंहाकडून मारला गेला. सिंहाला जांबवानाने मारले व मणी गुहेत नेला. चोरीचा आळ कृष्णावर आला, कारण त्याने पूर्वी हा मणी उग्रसेनासाठी मागितला होता. कृष्ण द्वारकेतील नागरिकांना बरोबर घेऊन रानात गेला. प्रसेन आणि त्याचा घोडा जिथे पडले ती जागा, पुढे सिंह मेला ती जागा आणि शेवटी गुहेचे तोंड, असा माग त्याने सर्वांसमक्ष काढला. गुहेत अठ्ठावीस दिवसांच्या युद्धानंतर मणी हाती आला व तो सत्राजिताला परत मिळाला. पुढे शतधन्व्याने सत्राजिताला मारून मणी घेतला आणि अक्रूराकडे ठेवला. अखेर तो अक्रूराकडेच राहू दिला गेला. धन्यांची इतकी सलग साखळी आणि प्रत्येक हस्तांतराचा इतका स्पष्ट पुरावा आधुनिक विज्ञानकथेतही क्वचित आढळतो.

पाश्चात्त्य विज्ञानकथा : या प्रकारातील सुरुवातीची महत्त्वाची कथा एच. जी. वेल्स यांची ‘द क्रिस्टल एग’ (१८९७) ही होय. लंडनच्या सेव्हन डायल्स भागात केव्ह नावाच्या वृद्ध दुकानदाराकडे अंड्याच्या आकाराचा एक स्फटिक आहे. दुसऱ्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचा माल लिलावात निघाला, तेव्हा इतर वस्तूंबरोबर तो त्याच्याकडे आला. आधी त्याने किंमत लावली होती दहा शिलिंग. अंधारात विशिष्ट कोनातून पाहिल्यावर स्फटिकात मंगळावरचा देखावा दिसतो, हे त्याला कळले आणि मग विकणे त्याच्या जिवावर आले. गिऱ्हाइके दारात आल्यावर तो पाच पौंड मागतो आणि तेही मिळू लागतात, तेव्हा सबबी सांगतो. घरच्यांपासून वाचवण्यासाठी तो स्फटिक वेस या तरुण अध्यापकाकडे ठेवतो. दोघे मिळून निरीक्षणांच्या नोंदी ठेवतात. तिकडे मंगळावर खांबांच्या टोकांना असेच स्फटिक बसवलेले असून तिथले जीव त्यांत डोकावून पाहतात, यावरून हा स्फटिक पृथ्वीवर नजर ठेवण्यासाठीच पाठवला असावा, असे अनुमान निघते. केव्ह मरतो, तेव्हा स्फटिक त्याच्या हातात असतो. त्याची बायको तो विकून टाकते. घेणाऱ्याचा ठावठिकाणा वेसला लागत नाही. वस्तू नष्ट झालेली नाही, नोंद तुटली आहे, आणि तेवढ्याने संशोधन कायमचे थांबते. कल्पनेचा पुढचा सगळा विस्तार या एका कथेत बीजरूपाने आहे.

आर्थर सी. क्लार्क यांच्या ‘द सेंटिनेल’ (लेखन १९४८, प्रसिद्धी १९५१) या कथेत वस्तू चंद्रावर आहे. तिच्याभोवतीचे अदृश्य कवच माणसे अणुशक्ती वापरून फोडतात आणि त्यामुळे घडवणाऱ्यांना पाठवला जाणारा संकेत बंद पडतो. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) ही कादंबरी व चित्रपट याच बीजातून वाढले. त्यातील काळ्या शिळेच्या बाजूंचे प्रमाण कादंबरीत १ : ४ : ९ असे दिले आहे. स्ट्रुगात्स्की बंधूंच्या ‘रोडसाइड पिकनिक’ (१९७२) मध्ये निषिद्ध क्षेत्रातून वस्तू चोरून आणणारे स्टॉकर, त्यांचे दलाल आणि सरकारी संस्था अशी मालकीची पूर्ण बाजारपेठ दिसते. क्लार्क यांच्या ‘राँदेव्हू विथ रामा’ (१९७३) मधील अजस्र यान कोणाच्याच ताब्यात येत नाही. सूर्याजवळून ते निघून जाते.

मराठी विज्ञानकथा : मराठीत ही कल्पना प्रामुख्याने जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या लेखनातून रुजली. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली व तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्यानंतर त्यांचे विज्ञानकथालेखन नियमित सुरू झाले.

‘वामन परत न आला’ (१९८६) ही कादंबरी या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. जमिनीत खोलवर खणताना शास्त्रज्ञांना एका प्रगत संस्कृतीने ठेवलेली पेटी सापडते. पेटीतले ज्ञान उलगडत जाते आणि त्यातून वामन हा यंत्रमानव घडतो. लहान पावलाने येऊन सारे व्यापणाऱ्या वामनाच्या पुराणकथेचा कादंबरीने केलेला वापर मार्मिक आहे. पेटी शोधणाऱ्यांना ज्ञान हवे असते, तिच्यावर डोळा असणाऱ्यांना सत्ता. आणि वामन स्वतःच धनी होऊ पाहतो तेव्हा मालकीचा प्रश्न उलटा होतो.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील वस्तू परग्रहाची नाही. पानिपत मराठ्यांनी जिंकले अशा दुसऱ्या इतिहासात वावरून आलेल्या गंगाधरपंतांच्या खिशात तिथल्या पुस्तकाचे एक फाटके पान उरते. पुस्तक आझाद मैदानावरच्या गोंधळात गमावलेले असते. विश्वासरावांना गोळी लागली की चाटून गेली, एवढाच फरक त्या पानावर आहे. पण भौतिकशास्त्रज्ञ राजेंद्र देशपांडे यांना दाखवायला पुरावा म्हणून ते एकच पान पुरते. कागदाच्या एका तुकड्यावर इतका भार टाकणारी दुसरी मराठी विज्ञानकथा दाखवणे कठीण आहे.

चित्रपट : राजकुमार हिरानी यांच्या ‘पीके’ (२०१४) मध्ये परग्रहवासीयाचे यानाला बोलावण्याचे उपकरण राजस्थानात चोरीला जाते आणि अखेर दिल्लीतील एका बाबाकडे, शंकराच्या डमरूचा मणी म्हणून, पूजेत सापडते.

देगलूर व सीमाभाग : कथांबाहेर प्रत्यक्षातही अनोळखी वस्तू माणसाच्या हाती लागतात; देगलूरचा परिसर त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. देगलूर हे नांदेड जिल्ह्यातील, तेलंगण व कर्नाटक यांच्या सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण नांदेड–हैदराबाद रस्त्यावर आहे. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता. आकाशातून वस्तू उतरण्याचा प्रकार या पट्ट्यात कथेपुरता नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून वैज्ञानिक उपकरणे नेणारे प्रचंड फुगे सोडले जातात. पातळ पॉलिथिनचे, हायड्रोजनने भरलेले हे फुगे ३० ते ४२ किमी. उंची गाठतात आणि काम संपल्यावर उपकरणे रंगीत हवाई छत्रीने खाली येतात. वाऱ्याबरोबर ती तेलंगण, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांतील जिल्ह्यांत उतरू शकतात. सापडलेली वस्तू उघडू वा हलवू नये आणि पोलीस किंवा टपाल कार्यालयामार्फत कळवावे, अशी जाहीर सूचना संस्था देते. न छेडता कळवणाऱ्याला बक्षीसही असते.

१८ जानेवारी २०२५ रोजी शेजारच्या बीदर जिल्ह्यात, हुमनाबाद तालुक्यातील जलसंगी गावात, असा एक फुगा उपकरणासह घरावर उतरला. गावात घबराट झाली. पण सोबत कन्नडमधील पत्र होते, त्यामुळे वस्तू कोणाची याचा उलगडा लगेच झाला.

हैदराबादच्या याच फुग्यांशी नारळीकरांचेही नाते होते. पृथ्वीबाहेरून सूक्ष्मजीव येत असतील का, हे तपासण्यासाठी त्यांच्या पुढाकाराने २००१ व २००५ मध्ये २० ते ४१ किमी. उंचीवरील हवेचे नमुने गोळा केले गेले. २००५ च्या नमुन्यांतून जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्यांतील एकीला इस्रोचे, एकीला फ्रेड हॉइल यांचे व एकीला आर्यभटांचे नाव दिले आहे. त्या पृथ्वीबाहेरच्या असल्याचे सिद्ध झालेले नाही.

सिंदेवाहीची कडी : २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांतून आकाशात जळत जाणारे तुकडे दिसले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे ३ मी. व्यासाची धातूची कडी पडली. पवनपार परिसरात धातूचा गोळा मिळाला. गावकरी, पोलीस ठाणे, इस्रोचे शास्त्रज्ञ असा या वस्तूंचा प्रवास झाला. चीनच्या लाँग मार्च ३ बी अग्निबाणाचा हा भाग असावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

मालकी व कायदा : १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार अवकाशात सोडलेल्या वस्तूची मालकी, ती पृथ्वीवर परत पडली तरी, मूळ धन्याकडेच राहते. १९६८ च्या करारात सापडलेली वस्तू कळवण्याची व मागणी आल्यास परत करण्याची, तर १९७२ च्या करारात नुकसानभरपाईची तरतूद आहे. जमिनीत दडलेल्या ठेव्याविषयी ब्रिटिश भारतात १८७८ चा कायदा झाला. त्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक होते. धनी न निघाल्यास सामान्यतः तीन हिस्से शोधणाऱ्याला व एक हिस्सा जमीनमालकाला मिळे. परग्रहीय वस्तूसाठी वेगळा कायदा कोठेही नाही.

पुरातत्त्वाशी संबंध : वस्तू कोठे सापडली आणि कोणी जपली, याची नोंद पुरातत्त्वातही तितकीच मोलाची असते. पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती इ. स. ७९ पूर्वीची, हे निश्चित सांगता येते, कारण ती ज्वालामुखीच्या राखेखालील घरात मिळाली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती तेर (जि. धाराशिव) येथे मिळाली आहे. तेरच्या पांढरीतून (जुन्या वस्तीच्या टेकाडातून) पावसाने उघड्या पडणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या. त्यांच्या नावाचे संग्रहालय आज तिथे आहे. त्यांनी जपले नसते, तर या वस्तू बाजारात विखुरल्या असत्या.

मूल्यमापन : आगंतुक वस्तूच्या कथांचे खरे मोल वस्तूच्या चमत्कारात नसून धन्यांच्या साखळीत आहे. स्यमंतकाचा माग साक्षीदारांसमोर काढला गेला म्हणून आळ फिटला. केव्हच्या स्फटिकाची नोंद तुटली म्हणून ज्ञान गेले. जलसंगीच्या फुग्याबरोबर पत्र होते म्हणून भीती ओसरली. मराठी विज्ञानकथेने मुंबई-पुण्याबाहेरचा प्रदेश पुरेसा वापरलेला नाही. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू ऐकू येणाऱ्या, तीन राज्यांच्या पोलीस ठाण्यांच्या हद्दी एकमेकींना भिडणाऱ्या देगलूर परिसरात सापडलेली वस्तू हा लेखकांनी हाती घ्यावा असा विषय आहे. प्रत्यक्षात अनोळखी वस्तू आढळल्यास ती उघडू नये. जागा, वेळ व पाहणाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत आणि पोलीस ठाण्यात वा तहसील कार्यालयात कळवून पंचनामा करून घ्यावा.